मानसशास्त्राची ओळख विकारांपासून नको

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र वाचले. चौदा ते सोळा वर्षांच्या विद्यार्थ्यांना मानसशास्त्राची तोंडओळख करून देण्याचे काम शाळेने आपल्याकडे सोपवले आहे, त्यासाठी आठवड्याला एक अशा बारा तासिका मिळाल्या आहेत आणि आपण मूळचे विज्ञान शिक्षक असल्याने हा विषय आपल्यालाही बराचसा नवा आहे. आपण जोडलेल्या आराखड्यात पहिल्या तासिकेला मानसशास्त्राची व्याख्या व शाखा, मग फ्रॉइड, मग व्यक्तिमत्त्वाचे आणि शिकण्याच्या शैलींचे प्रकार आणि शेवटच्या सहा तासिकांत एकेक मानसिक विकार अशी मांडणी आहे. या विषयात काय जाणून घ्यायचे आहे, असे वर्गात विचारल्यावर निम्म्या मुलांनी समोरच्याच्या मनातले ओळखायला शिकवा असे सांगितले, काहींनी आपल्याला अमुक विकार आहे का ते सांगा असे चिठ्ठीवर लिहून दिले आणि एका पालकांनी "नसती खुळे मुलांच्या डोक्यात भरवू नका" अशी हरकत घेतली. सुरुवात कुठून करावी, विकारांविषयी किती बोलावे आणि मुख्याध्यापकांनी सांगितलेली वीस गुणांची चाचणी कशी घ्यावी, हे आपले तीन प्रश्न आहेत.

आराखड्यामागची तळमळ दिसते, तरीही तो जवळजवळ उलटा करावा असे मी सुचवेन. विकारांना सहा नव्हे, दोन तासिका द्याव्यात आणि त्याही शेवटी. व्याख्या पहिल्या दिवशी फळ्यावर लिहू नयेत. ज्या गोष्टीचा अनुभव मुलांनी घेतला आहे तिला नाव हवेसे वाटू लागेल तेव्हाच ते द्यावे. सर्व तासिकांमधून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जावा: हे कशावरून म्हणता? विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये लाइपझिग येथे मानसशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली तेव्हा तेथे संवेदना, अवधान, प्रतिक्रियेला लागणारा वेळ अशा सर्वांच्याच मनात घडणाऱ्या साध्या प्रक्रिया मोजल्या जात होत्या. निरोगी मन कसे पाहते, कसे विसरते, कसे फसते आणि कसे शिकते, हा या शास्त्राचा गाभा आहे. तो न सांगता विकार शिकवले, तर परीक्षेआधीची धडधड, मैत्रिणीशी भांडण झाल्यावरची चार दिवसांची उदासी, कपाट नीटनेटके ठेवण्याची सवय यांतले प्रत्येक लक्षण मुले स्वतःला लावून पाहतात. रोगांची वर्णने वाचताना ते रोग आपल्यालाच झाल्याचा भास वैद्यकीय विद्यार्थ्यांनाही होतो, हे वैद्यकशिक्षणात फार पूर्वीपासून माहीत आहे, पंधराव्या वर्षी, जेव्हा "मी नेमका कोण आहे?" हाच मनातला मोठा प्रश्न असतो, तेव्हा तो अधिकच होणार.

पहिल्या तासिकेसाठी स्मृतीचा एक प्रयोग घ्यावा. त्याला साहित्य लागत नाही आणि तो फसण्याची शक्यता फार कमी असते. मुलांना वह्या मिटून केवळ ऐकायला सांगा आणि सावकाश, साधारण दोन सेकंदांना एक या गतीने पुढील शब्द वाचा: अंथरूण, उशी, थकवा, रात्र, स्वप्न, जांभई, पांघरूण, डुलकी, घोरणे, विश्रांती, पेंग, अंगाई. मग दोन मिनिटे त्यांना उलट क्रमाने आकडे म्हणायला लावा किंवा दुसऱ्या एखाद्या गोष्टीत गुंतवा आणि त्यानंतर आठवतील तेवढे शब्द लिहून घ्या. प्रत्येक शब्दापुढे, तो ऐकल्याची आपल्याला किती खात्री आहे, हे एक ते पाच या आकड्यांत लिहायला सांगायला विसरू नका, कारण प्रयोगाचे सारे मर्म त्या आकड्यात आहे. मग विचारा की "झोप" हा शब्द कोणी लिहिला. बरेच हात वर येतील, आणि त्यांतल्या अनेकांनी पुढे चार किंवा पाच लिहिलेले असेल. तो शब्द आपण वाचलाच नव्हता, हे त्यानंतर सांगा आणि यादी पुन्हा वाचून दाखवा. जेम्स डीस यांनी १९५९ मध्ये आणि पुढे रोडिगर व मॅकडरमट यांनी १९९५ मध्ये हेच तंत्र वापरले. १९९५ च्या दोन प्रयोगांत न वाचलेला कळीचा शब्द अनुक्रमे ४० आणि ५५ टक्के वेळा "आठवला" होता.

येथे घाईने पुढे जाऊ नका. आपल्याला खात्री आहे आणि तरीही आपण चुकलो आहोत, हा अनुभव त्या वयात फार क्वचित इतक्या निरुपद्रवी स्वरूपात मिळतो. येथे कोणाची लाज जात नाही, कारण चूक जवळजवळ सगळ्यांचीच झालेली असते. मग एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ चा प्रयोग सांगा. लोकांना मोटारींच्या अपघाताची चित्रफीत दाखवून त्यांचा वेग विचारला, तेव्हा मोटारी एकमेकींवर "आदळल्या" अशा अर्थाचे जोरकस क्रियापद वापरल्यास सरासरी उत्तर ताशी सुमारे ४१ मैल आले आणि "एकमेकींना लागल्या" असे सौम्य क्रियापद वापरल्यास सुमारे ३२ मैल. त्यांच्या दुसऱ्या प्रयोगात, चित्रफितीत नसलेल्या फुटक्या काचा पाहिल्याचे आठवड्याने सांगणारेही जोरकस क्रियापद ऐकलेल्यांत अधिक निघाले. आठवण दरवेळी नव्याने जुळवली जाते आणि जुळवताना प्रश्नाचे शब्दही तिच्यात मिसळतात, हे मुलांना यातून स्वतःच सांगता येते. "तू त्या दिवशी असेच म्हणालास" या वाक्यावरून होणारी मित्रांमधली भांडणे मग वर्गात आपोआप निघतील. ती निघू द्यावीत.

दुसऱ्या आणि तिसऱ्या तासिकेत स्मृतीच पुढे न्यावी, कारण विद्यार्थ्याला आपल्या कामी येणारे काहीतरी लवकर हाती लागले पाहिजे. हर्मन एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून, किती वेळाने किती विसरले जाते हे मोजले आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. विस्मरण सुरुवातीला फार वेगाने होते आणि नंतर मंदावते, हा त्यांचा निष्कर्ष आजही टिकून आहे. त्याच्या जोडीला रोडिगर आणि कार्पिके यांचा २००६ चा प्रयोग ठेवा. एक उतारा वाचल्यावर काहींनी तोच पुन्हा वाचला, काहींनी न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ विरुद्ध ७५ टक्के. पण आठवड्याने विचारले तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आणि पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्केच आठवले. आपला वर्ग हा प्रयोग आठवडाभरात स्वतः करू शकतो, आणि विज्ञान शिक्षक म्हणून आपले बळ येथे कामी येईल. दोन गट चिठ्ठ्या टाकून का पाडायचे, हुशार मुले एका बाजूला गेली तर काय होईल, दोन्ही गटांना वेळ सारखाच का हवा, आणि निकाल येण्यापूर्वी प्रत्येकाने आपला अंदाज लिहून का ठेवायचा, हे सारे मुलांकडूनच वदवून घ्या. निकाल अपेक्षेप्रमाणे आला नाही तर तो दडपू नये. वर्ग लहान होता की उतारा सोपा होता की आणखी काही, याची चर्चा ही त्या तासिकेची खरी कमाई असेल.

याच संदर्भात आराखड्यातला शिकण्याच्या शैलींचा भाग काढून टाकावा. कोणी पाहून शिकतो, कोणी ऐकून, कोणी हाताने करून, आणि ज्याला त्याला त्याच्या शैलीत शिकवले तर अधिक चांगले समजते, ही कल्पना शिक्षकांमध्ये फार प्रिय आहे. परंतु हॅरल्ड पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये घेतलेल्या आढाव्यात तिला पुरेसा पुरावा आढळला नाही. आवडीनिवडी असतात, यात शंका नाही. "मी ऐकून शिकणारा नाही" असा शिक्का मुलाने स्वतःवर मारून घेणे मात्र नुकसानीचे आहे.

अवधानासाठी एक तासिका पुरे. वेगवेगळ्या रंगांच्या खडूंनी रंगांची नावे लिहावीत, म्हणजे "लाल" हा शब्द हिरव्या खडूने, "निळा" पिवळ्याने, आणि शब्द न वाचता केवळ खडूचा रंग मोठ्याने सांगायला लावावा. जॉन रिडली स्ट्रूप यांनी १९३५ मध्ये मांडलेला हा परिणाम सर्वांवर हमखास दिसतो, आणि वाचन एकदा अंगवळणी पडले की ते ठरवूनही थांबवता येत नाही हे मुलांना जाणवते. अभ्यास करताना समोर येत राहणाऱ्या संदेशांचा विषय येथे काढता येईल, उपदेश टाळून.

आता मनातले ओळखण्याची हौस. तिला "मानसशास्त्र म्हणजे ते नव्हे" असे सांगून गप्प करू नये. ती पुरी होऊ द्यावी आणि मग तपासावी. एक आठवडा आधी मुलांकडून एक निरुपद्रवी प्रश्नावली भरून घ्या: आवडता रंग, सुट्टीत काय करायला आवडते, अशी. पुढच्या तासिकेला प्रत्येकाच्या नावाचा बंद लिफाफा द्या आणि आतले वर्णन आपल्याला किती लागू पडते याला शून्य ते पाच गुण द्यायला सांगा. सगळ्या लिफाफ्यांत मजकूर एकच असेल: "आपले म्हणणे लोकांनी समजून घ्यावे असे आपल्याला मनापासून वाटते, पण ते सगळ्यांपुढे उघड करणे आपण टाळता. वरून आपण शांत दिसता, तरी घेतलेला निर्णय बरोबर होता का, हा विचार नंतरही आपल्या मनात घोळत राहतो. आपल्यात काही गुण असे आहेत की त्यांचा पुरेसा उपयोग अजून झालेला नाही." गुण लिहून झाले की शेजाऱ्याशी कागद बदलून वाचायला सांगा. वर्गातला गलबला ओसरल्यावर बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांवर केलेला मूळ प्रयोग सांगा: त्यांनी एकसारखेच वर्णन वाटले होते, आणि विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले होते. यात थोडी फसवणूक आहे, म्हणून दोन पथ्ये पाळावीत. खुलासा त्याच तासिकेत झाला पाहिजे, आणि कोणी किती गुण दिले हे मोठ्याने विचारू नये.

व्यक्तिमत्त्वाच्या प्रकारांची जागा या लिफाफ्यानंतर येते. माणसांचे चार किंवा सोळा कप्पे करणाऱ्या चाचण्या मुलांनी मोबाइलवर सोडवलेल्या असतातच. आजच्या संशोधनात व्यक्तिमत्त्वाकडे पाच मोठ्या गुणांच्या (बहिर्मुखता, नव्या अनुभवांची ओढ, काटेकोरपणा, सौजन्य आणि भावनिक अस्थिरता) अंगाने पाहण्याची पद्धत अधिक मान्य आहे, आणि त्यातला प्रत्येक गुण कमी-अधिक प्रमाणात प्रत्येकात असतो. बहुतेक माणसे दोन टोकांच्या मधे कुठेतरी असतात. एवढे सांगून पुढे जावे. फ्रॉइड यांच्यासाठीही अर्धी तासिका पुष्कळ झाली: मनाचा मोठा भाग आपल्या जाणिवेबाहेर काम करतो या कल्पनेला त्यांनी लोकांपर्यंत नेले, पण त्यांच्या अनेक सिद्धांतांची नीट पडताळणी होऊ शकली नाही, असे सरळ सांगावे.

पीटर वेसन यांचा १९६० चा आकड्यांचा खेळ मात्र वगळू नका, कारण माझ्या मते पुढे विकारांविषयी बोलण्याची खरी तयारी त्यातच होते. फळ्यावर २, ४, ६ लिहा. हे तीन आकडे आपल्या मनातल्या एका नियमात बसतात असे सांगा. मुलांनी स्वतःचे तीन आकडे सुचवायचे, आपण केवळ "बसतात" किंवा "बसत नाहीत" एवढेच म्हणायचे, आणि खात्री झाली की त्यांनी नियम सांगायचा. एक मुलगी ८, १०, १२ म्हणेल, बसतात. दुसरा २०, २२, २४ म्हणेल, बसतात. कोणी १००, १०२, १०४ म्हणेल, तेही बसतात. मग आत्मविश्वासाने उत्तर येईल की आकडे दोनदोनने वाढतात, आणि आपण सांगायचे की हा नियम नव्हे. नियम इतकाच असतो की प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा मोठा हवा. ३, २, १ किंवा ५, ६, ९० विचारून पाहण्याचे बहुतेकांना सुचत नाही, कारण आपण आपल्या अंदाजाला दुजोरा देणारीच उदाहरणे शोधतो. याला पुष्टीपूर्वग्रह म्हणतात, हे नाव येथे द्यावे. "अमका गर्विष्ठ आहे" असे एकदा ठरवले की आपण त्याच्या कोणत्या वागण्याची नोंद घेतो आणि कोणते सोडून देतो, हे मुलांना विचारा. त्यानंतर, कोणाचेही नाव न घेता, लक्षणांची यादी वाचून "हे तर माझेच वर्णन" असे वाटते तेव्हा आपण ८, १०, १२ विचारत असतो की ५, ६, ९०, हा प्रश्न ठेवा. चिठ्ठ्या लिहिणाऱ्या मुलांना यातून उत्तराची दिशा मिळेल, आणि त्यांचा अपमानही होणार नाही.

सामाजिक मानसशास्त्रातून दोन गोष्टी पुरतात. टॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना संकोच वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवले होते. साधारण निम्म्या लोकांनी तो पाहिला असेल असे त्यांना वाटले, प्रत्यक्षात जेमतेम चौथ्या हिश्श्याच्या लोकांनाच तो सांगता आला. डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये किशोरवयाविषयी लिहिताना, आपल्यावर सतत नजर ठेवणारा एक काल्पनिक प्रेक्षकवर्ग या वयात मनात वावरतो, असे म्हटले होते. चेहऱ्यावरच्या एका पुटकुळीपायी वर्गात यायला कचरणाऱ्या मुलाला हे कळणे फार मोलाचे आहे. दुसरी गोष्ट सॉलोमन ॲश यांच्या १९५० च्या दशकातील रेषांच्या प्रयोगांची. दिलेल्या रेषेइतकी लांब रेषा कोणती, एवढेच त्यांत एका गटासमोर सांगायचे असे, आणि एक जण सोडून गटातले बाकी सगळे प्रयोगकर्त्याला सामील असत. इतर सगळे उघडपणे चुकीचे उत्तर देत असताना सुमारे एक तृतीयांश वेळा लोकांनी त्यांची री ओढली. तरी हा प्रयोग सांगताना अर्धाच सांगण्याची चूक सर्रास होते. जवळजवळ एक चतुर्थांश लोक एकदाही झुकले नाहीत, आणि बाकीच्यांपैकी फक्त एकाने खरे उत्तर दिले की झुकण्याचे प्रमाण झपाट्याने घसरले. पहिला विरोधी आवाज किती मोलाचा असतो, हे एखाद्याला घोळक्याने चिडवले जात असताना उपयोगी पडणारे ज्ञान आहे. हा प्रयोग वर्गात करून पाहू नये. एखाद्या मुलाला सर्वांसमोर एकटे पाडून त्याची फजिती करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

सांगितले म्हणून माणूस दुसऱ्याला किती तीव्र धक्के द्यायला तयार होतो हे पाहणारे मिलग्रम यांचे विजेच्या (प्रत्यक्षात खोट्या) धक्क्यांचे प्रयोग आणि तरुणांना पहारेकरी व कैदी बनवणारा १९७१ चा स्टॅनफर्ड येथील तुरुंगाचा प्रयोग यांचे आकर्षण मुलांना असतेच. दुसऱ्याविषयी मी सावध करू इच्छितो: पहारेकऱ्यांना कठोर वागण्याच्या सूचना दिल्या गेल्या होत्या, हे पुढे ध्वनिमुद्रणांवरून उघड झाले, त्यामुळे "परिस्थिती आपोआप माणसाला क्रूर बनवते" हा निष्कर्ष त्यातून काढता येत नाही. तो सांगायचाच असेल, तर पुरावा कसा तपासावा याचे उदाहरण म्हणून सांगा. त्याच ओघात, मानसशास्त्राच्या नियतकालिकांत छापून आलेले शंभर अभ्यास नव्याने करून पाहिल्याचे निकाल २०१५ मध्ये आले तेव्हा मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय परिणाम होता, पण पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांतच मिळाला, हेही लपवू नका. शास्त्र स्वतःच्या चुका स्वतः शोधते, हे विद्यार्थ्यांना शिकवण्याजोगे आहे, आणि त्यामुळे विषयाची पत कमी होत नाही.

आता विकार, आणि त्या पालकांची हरकत. त्यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे, आणि तसे त्यांना सांगायला संकोच करू नका. लुसी फोक्स यांच्यासारख्या संशोधकांनी अलीकडे हा मुद्दा मांडला आहे की मानसिक आरोग्याविषयीच्या जागृतीमुळे काही मुले नेहमीच्या दुःखाला किंवा चिंतेलाही विकार समजू लागत असावीत. ब्रिटनमध्ये ८,००० हून अधिक शाळकरी मुलांवर झालेल्या चाचणीत, सर्व वर्गाला सरसकट दिलेले सजगतेचे (माइंडफुलनेस) प्रशिक्षण नेहमीच्या शिकवणीपेक्षा सरस ठरले नाही, असे २०२२ मध्ये दिसून आले. तेव्हा चांगल्या हेतूने केलेले सारे काही चांगलेच ठरते, असे नाही. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. अमेरिकेतील एका मोठ्या सर्वेक्षणानुसार आयुष्यात कधीतरी मानसिक विकार होणाऱ्यांपैकी निम्म्यांमध्ये त्याची सुरुवात चौदाव्या वर्षापर्यंत झालेली असते, आणि आत्महत्येविषयी थेट, शांतपणे विचारल्याने तो विचार कोणाच्या डोक्यात शिरत नाही, हेही अभ्यासांतून दिसले आहे. त्या पालकांना बदललेला आराखडा दाखवा आणि हवे तर पहिल्या तासिकेला मागे येऊन बसू द्या.

त्या दोन तासिकांत लक्षणांच्या याद्या आणि स्वतःला तपासण्याच्या प्रश्नावल्या वाटू नयेत. बुद्ध्यंकाच्या चाचण्याही वर्गात घेऊ नयेत, त्या प्रशिक्षित व्यक्तीनेच घ्यायच्या असतात. त्याऐवजी दुःख आणि विकार यांतला भेद तज्ज्ञ कोणत्या प्रश्नांनी करतात, ते शिकवा: हे किती दिवसांपासून चालले आहे, किती तीव्र आहे, झोप, जेवण, अभ्यास, मैत्री यांत किती आडवे येते, आणि त्याला दुसरे काही शारीरिक वा परिस्थितीतले कारण आहे का. "मला डिप्रेशन आलंय" हे वाक्य मुले वाईट गेलेल्या दिवसालाही वापरतात. त्यांची खिल्ली उडवू नका, पण हिरमोड, खिन्नता, धास्ती, हुरहुर, उबग, अपराधीपणा यांपैकी नेमके काय वाटते आहे, असे विचारण्याची सवय लावा. विकार असलेल्या माणसाला उपचारांनी बरे वाटू शकते, त्यात दोष कोणाचाच नसतो, आणि निदान करणे हे मित्राचे किंवा शिक्षकाचे काम नाही, या तीन गोष्टी स्पष्ट शब्दांत सांगाव्यात.

वर्गात कोणालाही स्वतःचा किंवा घरच्यांचा अनुभव सांगायला लावू नका, स्वेच्छेने कोणी सुरुवात केली तरी "हे आपण तासिकेनंतर बोलू" असे म्हणून हळुवार थांबवा. एकदा उघड झालेली गोष्ट मागे घेता येत नाही आणि वर्गमित्र तिचे काय करतील हे आपल्या हाती नसते. नाव न लिहिता प्रश्न टाकण्याची पेटी ठेवा आणि तिच्यातले प्रश्न आधी एकटे वाचून मगच वर्गात घ्या. मात्र ज्या चिठ्ठ्या आपल्याकडे आधीच आल्या आहेत, त्यांचे अक्षर ओळखू येत असेल तर त्या मुलांशी या आठवड्यातच स्वतंत्रपणे बोला. बारावी तासिका येईपर्यंत थांबू नका. त्यांच्यातला प्रत्येक जण भ्रमातच आहे असे समजण्याचे कारण नाही. आधी ऐकून घ्या, "तुला असे कधीपासून वाटते?" एवढेच विचारा, आणि "मी कोणालाही सांगणार नाही" असे वचन देऊ नका. "तुझ्या जिवाला धोका आहे असे वाटले तर मला मदत करू शकणाऱ्या मोठ्या माणसाला सांगावे लागेल, पण तुला सांगूनच सांगेन" हे वचन आपण पाळू शकता. आत्महत्येचा विचार किंवा स्वतःला इजा करण्याची गोष्ट निघाली, तर मुलाला एकटे सोडू नये, त्याच दिवशी समुपदेशकांना आणि पालकांना सामील करून घ्यावे व डॉक्टरांपर्यंत न्यावे. घरातच धोका असेल, तर पालकांना सांगण्यापूर्वी समुपदेशक आणि मुख्याध्यापकांशी बोलावे. ही सारी व्यवस्था, म्हणजे कोणाकडे जायचे, ते केव्हा भेटतात, ते नसतील तर कोण, पहिली तासिका सुरू होण्याआधी लेखी ठरलेली असावी.

राहिली चाचणी. व्याख्या आणि सन विचारू नयेत. दहा गुण मुलांनी जोडीने केलेल्या एका लहान पाहणीला द्यावेत, आणि उरलेले दहा अशा एका प्रश्नाला: "एका पाहणीत मोबाइल जास्त वापरणारी मुले अधिक चिंताग्रस्त आढळली, म्हणून मोबाइलमुळे चिंता वाढते, असे बातमीत म्हटले आहे. या निष्कर्षाखेरीज आणखी कोणती स्पष्टीकरणे संभवतात, आणि खरे काय ते शोधण्यासाठी तुम्ही काय कराल?" चिंतेमुळेच मूल मोबाइलकडे वळत असेल, अपुरी झोप किंवा एकटेपणा दोन्हींच्या मुळाशी असेल, चिंता कशी मोजली तेच चुकले असेल, यांपैकी काहीही विद्यार्थ्याला सुचले तर गुण द्यावेत, आणि आपण न योजलेले पण तर्काला धरून असलेले स्पष्टीकरण कोणी लिहिले तर पूर्ण गुण द्यावेत. पाहणीचे गुणही निकालावरून देऊ नका. गट कसे पाडले, अंदाज आधी लिहिला का, आणि उलट जाणारी उदाहरणे नोंदवली का, एवढेच पाहा.